अकरा कडवी जास्त

९ जानेवारी

चि. शाई हिस,

अनेक आशीर्वाद. अडुसष्टाव्या वर्षी 'चिरंजीव' म्हणवून घ्यायला लाज वाटत असेल तर वाटू दे. माझ्यानंतर जन्मलीस ही चूक तुझी.

सोबत एकेचाळीस कडवी पाठवतो आहे. अक्षर पाहून दचकू नकोस. डावा डोळा गेलाच होता, आता उजव्यातही मधोमध धुकं बसलंय. कडेकडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. समोर येऊन बसलीस तर तुझे कान दिसतील, तोंड दिसणार नाही. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, वाचण्यापुरते दोन-तीन महिने धरून चाला. फोनवर तुला माझं ऐकू येत नाही आणि पत्रातलं तुझं मला दिसेनासं होणार. दोघं मिळून एक धड माणूस झालो तरी पुष्कळ.

शेवटचे दोन अध्याय राहिलेत. बारा वर्षं झाली, शाई. ते पुस्तक बांधायला टाकून गेलेला गृहस्थ परत आलाच नाही. दुकान बंद करताना मी सगळ्यांची पुस्तकं घरपोच केली, त्याच्या चिठ्ठीवर पत्ताच नव्हता. जन्मभर लोकांची पुस्तकं शिवली, आत डोकावून पाहिलं नाही. या एकात डोकावलो आणि कामातून गेलो. पुढे जॉर्जियाच्या राजांचा इतिहास आणि मागे तामार राणीच्या काळातलं ते लांबलचक काव्य, इंग्रजी गद्यात उतरवलेलं. ते मराठी कडव्यांत आणायला बसलो तो अजून उठलो नाही. वाचनालयातल्या बाई अजूनही मला अमेरिकेतलं जॉर्जिया काढून देतात. मी दर वेळी काकेशस पर्वतापासून सुरुवात करून समजावतो, आणि त्या दर वेळी मान डोलावतात.

ठकी विचारते, बाबा, आठशे वर्षांपूर्वीच्या परक्या राणीचं तुम्हाला एवढं काय? पोटच्या मुलीलाही मला धड सांगता येत नाही. बापाला मुलगा नव्हता, म्हणून त्याने जिवंतपणीच मुलीला शेजारी बसवून मुकुट घातला. तो गेल्यावर सरदारांनी तिच्या नाकी नऊ आणले, त्यांना हवा तो नवरा तिच्या गळ्यात मारला. नवरा वाईट निघाला, तिने त्याला देशाबाहेर काढला. तो बंड करून आला, हरला, हाती लागला, तरी तिने त्याला जिवंत सोडला. शहाणा पुन्हा आला! एवढं मोठं राज्य केलं, आणि तिला पुरलं कुठे ते आज कुणालाच नक्की ठाऊक नाही. आणि त्या काव्यातली माणसं मित्रासाठी वाळवंटं तुडवतात, भेटली की गळ्यात पडून ढसाढसा रडतात. आपल्या घरात कुणी कुणासमोर रडलेलं मला आठवत नाही. कदाचित तेच असेल.

विनंती नेहमीचीच. शुद्ध प्रत करताना जसंच्या तसं उतरव. राणीच्या काळातली त्या काव्याची एकही प्रत उरलेली नाही. आहेत त्या चारशे वर्षांनंतरच्या, आणि मधल्या नकलकारांनी आपापली कडवी आत घुसडून ठेवली आहेत. कुठलं अस्सल आणि कुठलं उपरं यावर पंडित अजून भांडतायत. ही दुसऱ्याच्या ताटात हात घालणारी जात मला आवडत नाही. माझ्या कामात असं काही झालं तर मला ते सहन होणार नाही.

पुढच्या महिन्यात एकाहत्तर पुरी. अप्पांना याच वयात सुरू झालं होतं. एक दिवस त्यांनी मला, सख्ख्या मुलाला, आदराने खुर्ची दिली आणि विचारलं, आपण कुणाचे चिरंजीव? डोळे जायचे तर जाऊ देत, डोकं जागेवर राहू दे, एवढंच मागणं आहे.

लोभ आहे. वाढवायचा की आहे तेवढाच ठेवायचा, ते तुझी सबंध नक्कल हाती आल्यावर बघू.

तुझा,
दादा


२३ जानेवारी

ती. दादास,

शाईचा सा. नमस्कार, वि. वि. एकेचाळीस निघाली, एकेचाळीस पोचली. अक्षर वाकडंतिकडं आहे, पण तुझ्या स्वभावाइतकं नाही, तेव्हा मला लागतं.

माझं बरं चाललंय. कानातल्या यंत्रात शेजारणीचा मिक्सर ऐकू येतो, दाराची घंटा ऐकू येत नाही. पोस्टमन आता खिडकीशी येऊन हात हलवतो. सकाळी उजेड चांगला असतो तेव्हा तिरक्या फळीवर कागद लावून दोन तास तुझं काम करते. जसंच्या तसं कसं उतरवायचं हे मात्र मला शिकवू नकोस. एकतीस वर्षं ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते. दुसऱ्याने काढलेल्या रेषेवरून रेष. पुलांचे, शाळांचे, पाण्याच्या टाक्यांचे शेकडो नकाशे या हाताखालून गेले आणि सगळ्यांखाली सही साहेबांची.

एक विचारू? त्या नकलकारांवर तू दर पत्रात का घसरतोस? बिचारे थंडीत बोटं आखडेपर्यंत दुसऱ्याचं लिहीत बसले असतील. एखाद्याला वाटलं असेल की इथे चार ओळी हव्या होत्या, घातल्या त्याने. चोर घरातलं नेतो, यांनी तर उलट ठेवून दिलं. आपलं माझं एक मत. ऑफिसात मत द्यायची सोय नव्हती, म्हणून साठलेलं बाहेर पडतं.

अप्पांचं मनात आणू नकोस. बारा वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर पत्ता नव्हता हे ज्याला आठवतं त्याचं डोकं ठणठणीत आहे. अप्पांना दुपारी सकाळचं आठवत नसे.

ठकीला आशीर्वाद सांग. डोळे जप, उत्तर थोडक्यात दे, आणि रागावायचं असेल तर लोभ शिल्लक राहील इतपतच रागाव.

तुझी,
शाई


५ मार्च

चि. शाई हिस,

आशीर्वाद. हे अक्षर ठकीचं. औषधांच्या दुकानात बसून डॉक्टरांचं लिहिलेलं वाचून वाचून तिचंही तसंच झालंय. मी सांगतो, ती लिहिते. (आत्या, मागचं वाक्यही मलाच लिहायला लावलं. ठकी.)

संपलं, शाई. मंगळवारी सकाळी अकराला. शेवटची दोन पानं मी बोललो आणि ठकीने उतरवली, सोबत आहेत. संपल्यावर काय करायचं ते कळेना म्हणून चहा केला आणि कपाच्या शेजारी ओतला. उजव्यातही आता वाचण्यापुरतं काही उरलेलं नाही. काम आधी संपतं की डोळे, हे मी मोजत होतो. चार दिवसांनी काम जिंकलं.

आता सबंध शुद्ध प्रत पाठवून दे. ठकी कामावरून आल्यावर रोज तासभर वाचणार. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा कानांनी ऐकायचं आहे. मग माझ्या हाताने शिवून बांधणार. सुईत दोरा ठकीने ओवून दिला की पुढचं बोटांना येतं. लोकांची हजारो बांधली, आपलं एक बांधायचं राहिलंय. कच्चे कागद तिकडेच असू देत. माझ्याकडे दुसरी प्रत नाही, आणि असती तरी मी काय वाचणार?

तुझं चोराचं पत्र ठकीने वाचून दाखवलं. मी घरी नसताना कुणी माझ्या खोलीत येऊन स्वतःची खुर्ची ठेवून गेला, तर ती चोरी नव्हे हे मला मान्य. पण मी रोज तिला अडखळणार, आणि ती माझी नाही हे पाहुण्यांना कधी कळणार नाही. त्या नकलकारांचा तू एवढा कैवार का घेतेस, कोण जाणे.

प्रत नीट पुठ्ठ्यात घालून पाठव. ती आली की लोभाचा मोठा हप्ता पाठवीन.

दादा


४ एप्रिल

प्रिय शाईआत्या,

ठकीचा नमस्कार. हे पत्र बाबांना न सांगता लिहिते आहे, दुकानाच्या काउंटरवर, गिऱ्हाईक नसताना. म्हणून तुटक वाटेल.

तुझी प्रत आल्यापासून रोज संध्याकाळी सहा ते सात मी वाचते. पहिले काही दिवस बाबा इतके खूश होते की मला हेवा वाटायचा. मी ओळ सुरू केली की पुढची अर्धी तेच म्हणायचे. मग एका कडव्याला त्यांनी हात वर केला. पुन्हा वाच म्हणाले. वाचलं. हे माझं नाही म्हणाले. मी म्हटलं, आत्याच्या अक्षरात आहे म्हणजे तुमच्याकडूनच गेलेलं असणार. पुढे वाच म्हणाले. पुढे चार पानांनी आणखी एक निघालं. परवा वाचन संपलं तेव्हा अशी आठ कडवी झाली होती. वाईट असती तर बरं झालं असतं, आत्या. चांगली आहेत. एवढं चांगलं हातून झालं आणि आठवत नाही, म्हणजे अप्पांची पाळी संपून माझी आली, असं बाबा म्हणाले.

मी म्हटलं, आत्याकडे कच्चे कागद आहेत, तिला विचारू. तर खबरदार म्हणाले. शाईने जन्मात कागदावर स्वतःचा ठिपका टाकलेला नाही. कागद काय सांगणार ते मला ठाऊक आहे, माझ्याच अक्षरात ते दाखवून मला मेल्याहून मेल्यासारखं करू नका.

आता सकाळी उठले की तामारच्या घराण्यातले राजे ओळीने म्हणत बसतात. एक चुकला की पहिल्यापासून. शिकंजा, सुया, हाडाची पट्टी असं बांधणीचं सगळं हत्यार कोपऱ्यावरच्या छापखानेवाल्याला देऊन टाक म्हणून मागे लागलेत. आठवण गेलेल्या म्हाताऱ्यांना सांभाळणारी एक संस्था आहे, तिचा अर्ज त्यांनी मला आणायला लावला. बाबा मला म्हणाले, मी अप्पांना सांभाळलं तेव्हा तुझ्या आईचं काय झालं ते पाहिलंय, तुझं तसं होऊ देणार नाही. अर्ज भरून झालाय. सही कुठे करायची ते बोट धरून दाखव म्हणतात. मी महिनाअखेरपर्यंत टाळलंय.

आणि ते भांडत नाहीत, आत्या. काल जेवणात मीठ घालायला मी विसरले, तर छान झालंय म्हणाले. मला त्याचीच जास्त भीती वाटते.

कागद बघून खरं काय ते मला कळव. वाईट असलं तरी कळव. तुझ्या लोभावर मी आजवर पुष्कळ उधळपट्टी केली आहे, ही आणखी एक समज.

तुझी,
ठकी


८ एप्रिल

ती. दादास,

शि. सा. न. करते आणि वाकलेलीच राहते. सगळं ऐकून झाल्यावर ऊठ म्हणालास तर उठेन.

ठकी, हे पत्र मोठ्याने आणि एका दमात वाच. मध्ये ते काहीही बोलले तरी थांबू नकोस.

दादा, ती कडवी तुझी नाहीत, माझी आहेत. तुला ती आठवत नाहीत कारण तू ती लिहिलेलीच नाहीस. तुझं डोकं जागेवर आहे, पाऊल वाकडं पडलं ते माझं. आणि आठ नाहीत, अकरा आहेत.

सुरुवात वहिनी गेल्या त्या महिन्यात झाली. पंधराव्या दिवशी तुझं पाकीट आलं. म्हटलं, हा माणूस आहे की दगड? उघडलं, तर कडवं ३१२ नंतर एकदम ३१६. पानांना आकडे घालण्यात तुझं आयुष्य गेलं, आकडा चुकवणारा तू नव्हेस. नावं तपासायला तू त्या पुस्तकाच्या झेरॉक्स मला दिल्या होत्यास, त्यात पाहिलं. आपलं माणूस हरवलेला तो वीर एकटा बसून रडतो ती जागा होती. तू ती गाळून पुढे गेला होतास. तुला विचारायचा मला धीर झाला नाही.

ऑफिसात एकदा माझ्याकडे शाळेच्या जिन्याचा नकाशा आला होता. त्यात एक पायरी कमी होती. मला ती दिसली. पण साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ट्रेसरने बघायचं, समजून घ्यायचं नाही. मी नकाशा तसाच उतरवला, जिना तसाच बांधला गेला. शेवटची पायरी दुप्पट उंच झाली आणि मुलं तिथे वर्षानुवर्षं ठेचकाळली. हे मी कुणाला कधी सांगितलं नाही. तुझा ३१२ आणि ३१६ पाहिला आणि मला तो जिना आठवला. म्हणून मधली तीन मी लिहिली. चार ओळी, चारही ओळींना एक यमक, तुझ्या नियमाने. आठ दिवस लागले. खोटं कशाला सांगू, राजकन्या वगैरे कुणी माझ्या डोळ्यांसमोर नव्हती. वहिनी होत्या.

मग चटक लागली. ती कैदेतली राजकन्या किल्ल्यातून एवढं मोठं पत्र पाठवते, तिला कागद आणि दौत कुणी आणून दिली? कुणी विचारतच नाही. मी चार ओळी त्या दासीला दिल्या. घोड्यांना पाणी पाजणाऱ्याला दिल्या, तंबू उचलणाऱ्यांना दिल्या. सगळे मोठे लोक रात्रंदिवस रडतात, त्यांच्या ओल्या उशा वाळत कोण घालतं? तिलाही दिल्या. सहा वर्षांत अशी आठ झाली. एकतीस वर्षांत स्वतःची एक रेघ काढली नव्हती, दादा. मला त्यात फार सुख झालं, आणि ते तुझ्यापासून लपवल्याची लाजही वाटत राहिली. जानेवारीत चाचपून पाहिलं, तर तू खुर्चीचं उत्तर दिलंस. मग बोलायला तोंडच उरलं नाही.

सगळे कच्चे कागद रजिस्टर पोस्टाने निघालेत. ती अकरा कडवी त्यात कुठेही नाहीत. प्रतीत कुठल्या पानावर कुठलं आहे त्याची चिठ्ठी वर ठेवली आहे, ठकीने एकेक ताडून बघावं. त्याआधी तो अर्ज फाडावा.

तुझ्या राणीने फौज घेऊन चालून आलेल्या नवऱ्याला सोडलं. मी नुसता टाक घेऊन आले होते. तरी मला सोडच असं म्हणत नाही. पुन्हा पत्र पाठवलं नाहीस तरी ते मी सोशीन. पण माझ्या गप्प बसण्यामुळे तू त्या कागदावर सही केली असतीस, तर मला जगणं कठीण झालं असतं.

लोभ असावा असं या वेळी लिहीत नाही. उरला असेल तर कळव.

शाई


२१ एप्रिल

चि. शाई हिस,

आशीर्वाद. आज देतो आहे. गेल्या आठवड्यात मागितले असतेस तर मिळाले नसते.

ठकीला थांबू नकोस म्हणाली होतीस, ती थांबली नाही. वाचून झाल्यावर मी तिला म्हटलं, पाकिटात घाल आणि परत पाठव. तीन दिवस तुझं नाव काढू दिलं नाही. परक्या माणसाने केलं असतं तर दोन शिव्या देऊन मोकळा झालो असतो. तू केलंस म्हणून मला फार लागलं, हे तुला कळू दे. चौथ्या दिवशी दात घासताना लक्षात आलं की तीन दिवसांत मी एकदाही राजांची यादी म्हटलेली नाही, आणि मला एकट्यालाच हसू फुटलं. ठकी धावत आली, तिला वाटलं बाबांचं आता खरंच गेलं. अर्ज तिने त्याच दिवशी फाडला. तुकडे लहान कर म्हणालो.

त्या आठांविषयी. दौत आणणारी दासी चांगली उतरली आहे. उशांचं कडवं ऐकून ठकी खूप हसली, मीही हसलो. घोड्यांना पाणी पाजणाऱ्याच्या तिसऱ्या ओळीत मात्र सोळाऐवजी सतरा अक्षरं आहेत. माझ्या हातून हे कधी झालं नसतं, तेव्हाच मला ओळखायला हवं होतं. आठही राहू देत. प्रत्येकापुढे समासात एक बारीक फुली कर आणि शेवटच्या पानावर लिही, की फुलीची कडवी बहिणीची. त्या पंडितांना चारशे वर्षांनंतर विचारायला कुणी उरलं नव्हतं. मला तू होतीस, आणि मी भीतीपोटी विचारलं नाही. चुकीची वाटणी निम्मी-निम्मी करू. प्रत इथे आहे, म्हणून तूच ये. घंटा वाजवू नकोस, दार उघडंच ठेवतो.

मी कालपासून शिवायला घेतलंय. गाठी बोटांना दिसतात.

आता उरलेली तीन. ठकीने कागद ताडले. तुझं खरं आहे, ३१२ नंतर माझ्याच अक्षरात ३१६ आहे. तिने तीनदा पाहिलं. पण वाचनात ते पान आलं तेव्हा मी हात वर केला नव्हता. उलट तिला सांगितलं होतं, की हे तुझी आई गेल्यावर लिहिलं. खिडकीशी बसून सबंध दुपार लागली आणि त्या दिवशी मी रडलो. ते मी आजही सांगतो. मला ती खिडकी आठवते, काचेवरचा रंगाचा शिंतोडा आठवतो, समोर ठेवलेला कागद आठवतो. म्हणजे मी बसलो होतो, रडलोही असेन. लिहिलं काहीच नव्हतं.

याला काय म्हणायचं ते डॉक्टरांना विचारू. गुरुवारी ठकी मला घेऊन जाणार आहे, आणि मी नाही म्हटलेलं नाही. जे निघायचं ते निघेल. माझी भीती गेलेली नाही, पण आता ती तिघांत वाटलेली आहे.

मात्र त्या तीन कडव्यांपुढे फुली करू नकोस. ती माझी आहेत. हात तेवढा तुझा होता.

लोभ होता, मध्ये तीन दिवस नव्हता, आता आहे.

दादा